मार्व्हा स्टकीला जेवायला बोलावणे

मला मार्व्हा स्टकीला एकदा जेवायला बोलवायचं होतं. बस, एवढंच. लग्नाची मागणी घालायची नव्हती, आणि मोटारींच्या शर्यतीत उतरण्याचा विचार तर आमच्या मॅब्री घराण्यात कुणाच्या स्वप्नातही आला नव्हता. आमच्या घराण्यातला सर्वांत धाडसी पुरुष म्हणजे माझे चुलते. पाऊस येणार असं रेडिओवर स्वच्छ सांगितलेलं असताना ते एकदा छत्री न घेता बाहेर पडले होते. त्याबद्दल घरात पुढे कितीतरी वर्षं दबक्या आवाजात बोललं जायचं.

मी विमा विकतो. फेअरओकच्या हमरस्त्यावर, न्हाव्याच्या दुकानाला लागून माझं ऑफिस आहे. आयोवात गारा पडल्या की लोक आधी देवाचं नाव घेतात आणि मग माझं. त्या वसंतात अशाच गारा पडल्या आणि छपराच्या भरपाईसाठी मार्व्हा स्टकी माझ्यासमोर येऊन बसली. मी शिरस्त्याप्रमाणे विचारलं, "व्यवसाय?"

"शाळेची बस चालवते."

"धोक्याचे काही छंद?"

"दर शनिवारी मोटार पळवते."

"कुणाची?" मी दचकून विचारलं.

यावर ती हसली. साधंसुधं नाही. टेबलावर हात आपटून, मान मागे टाकून, शेजारच्या न्हाव्याने वस्तरा हातात धरून डोकावून बघावं इतकी हसली. विमा ऑफिसात कुणी हसत नाही. आमचा धंदाच तसा. लोक इथे येतात ते जळलेलं, वाहून गेलेलं किंवा आपटलेलं काहीतरी मनात घेऊन. त्या हसण्याने माझी पन्नाशीची घडी पार विस्कटली. ती गेल्यावर मी तिच्या छपराचा अर्ज न्हाव्याच्या बिलाच्या फाइलीत लावून टाकला.

ही गोष्ट मी फक्त शेजारच्या रॉस्को टिलीला सांगितली. म्हणजे संध्याकाळपर्यंत ती त्याच्या बायकोला, बर्निसला कळली आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मला बघून लोक जरा जास्तच प्रेमाने हात हलवू लागले. रॉस्को अग्निशमन दलाचा निवृत्त प्रमुख. त्याला आयुष्यातली प्रत्येक अडचण ही दार फोडून आत शिरण्यासारखीच वाटते.

"फोन कर आणि विचार," तो म्हणाला.

"फोनवर 'नाही' म्हणणं फार सोपं असतं, रॉस्को. माझा सगळा जन्म ते ऐकण्यात गेलाय."

"मग ट्रॅकवर जाऊन विचार. समोरासमोर."

"आणि नवा शर्ट घाल," बर्निस कुंपणापलीकडून म्हणाली. "हा घातलास तर आधीच विधुर वाटतोस. लग्नही न करता!"

शनिवारी नवा शर्ट घालून मी जत्रेच्या मैदानावर गेलो. मातीचा अंडाकृती ट्रॅक, सगळीकडे धूळ, तळलेल्या कांद्याचा वास, आणि आवाज असा की शेजारचा माणूस काय बोलतोय ते त्याच्या भुवयांवरून ओळखायचं. मार्व्हा आठ नंबरच्या गाडीत होती. शाळेच्या बसमध्ये ही बाई वळणावर इतकी हळू होते की मागच्या ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवावा. आणि इथे तीच बाई गाडी जवळजवळ आडवी करून दोघांच्या मधून अशी निघून गेली की मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती जिंकली होती.

मी आतल्या मैदानाकडे निघालो. फाटकावर एक बाई खुर्ची टाकून बसली होती.

"गाडी कुठाय?" तिने विचारलं.

"माझी? बाहेर. सावलीत लावलीय."

"शर्यतीची गाडी. आत फक्त चालक आणि त्यांची माणसं."

"मला फक्त दोन मिनिटं एका चालकाशी बोलायचंय."

"सगळ्यांनाच बोलायचं असतं," ती माझ्या नव्या शर्टाकडे बघत म्हणाली.

रॉस्को मात्र अग्निशमन दलाचा माजी प्रमुख म्हणून कुठेही शिरू शकत होता. "तू थांब इथे. मी विचारून येतो," असं म्हणून तो आत गेलासुद्धा. मी फाटकाशी उभा राहिलो. दुसऱ्याच्या हाती आपलं हृदय देऊन तळलेल्या कांद्याच्या गाडीजवळ उभं राहणं हा काही शोभणारा प्रकार नाही, पण इलाज नव्हता.

रॉस्को परत आला तो कानाची पाळी चोळत. "हं. म्हणजे... विचारलं. ती म्हणते, ज्याने कधी ट्रॅकवर गाडी घातली नाही त्याच्याबरोबर ती जेवत नाही."

"असं म्हणाली?"

"हौशी गटात एक शर्यत पुरी करायची. जिंकायची नाही, नुसती पुरी करायची. मग जेवण. आणि हो, तोवर जेवणाचा विषय काढायचा नाही, असं बजावलंय."

मी घरी गेलो. रात्रभर नव्हे, पण जेवण होईपर्यंत तरी विचार केला. आता कुणी म्हणेल, की शहाणा माणूस इथेच थांबला असता. मलाही तसंच वाटलं होतं. पण ते हसणं काही केल्या कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी माझ्या आईची गाडी घेऊन वेल्डरकडे गेलो.

आईची गाडी म्हणजे एक लांबलचक, साईच्या रंगाची बाई होती. आईने ती फक्त चर्च आणि दंतवैद्य या दोन ठिकाणी नेली होती. वेल्डरने तिच्या काचा काढल्या, मागची गादी काढली, लोखंडी पिंजरा बसवला आणि नियमाप्रमाणे चारही दारं कायमची जोडून टाकली. त्यानंतर गाडीत शिरायचा एकच मार्ग उरला: खिडकी. ही गोष्ट नियमांच्या पुस्तकात एका ओळीत लिहिलेली आहे. ती लिहिणाऱ्याची कंबर माझ्याएवढी नसणार. पहिल्यांदा शिरताना मी अर्धा आत आणि अर्धा बाहेर असा अडकलो. मी त्या स्थितीत असतानाच वेल्डर जेवून आला. बर्निसने आपल्या स्वयंपाकघरातलं लोणी आणलं आणि ते कुठे लावायचं यावर तिचं आणि रॉस्कोचं भांडण झालं. माझं मत कुणीच विचारलं नाही.

गल्लीतल्या सल्ल्यांबद्दल तर बोलायलाच नको. ज्याने आयुष्यात गवत कापायचं यंत्र सोडून काही चालवलं नव्हतं तोसुद्धा मला टायरमधली हवा कमी करायला सांगायचा. त्याच्यामागून येणारा वाढवायला सांगायचा. पाद्रीबुवांनी गाडीला आशीर्वाद दिला आणि जाता जाता विचारलं, "एल्डन, मृत्युपत्र केलंयस ना?"

शेवटी मी ती गाडी ओढत मार्व्हाच्या गॅरेजात नेली. विषय जेवणाचा काढायचा नव्हता. गाडीचा काढायला कुणाची मनाई होती?

मार्व्हाने गाडीभोवती एक चक्कर मारली. "तुम्ही, मिस्टर मॅब्री? शर्यतीत? पण का?"

"वाटलं," मी म्हणालो.

तिने बॉनेटवर एक थाप मारली. मग तिने बाह्या सरसावल्या. "ठीक आहे. आधी ते आरशाला टांगलेलं सुगंधी कागदी झाड काढा."

तो उन्हाळा मी तिच्या गॅरेजात काढला. रोज ऑफिस बंद करून जायचं आणि अंधार पडेपर्यंत तिच्याशेजारी गाडीखाली पडून राहायचं. इतकी वर्षं मी माणसांना टेबलापलीकडून भेटत आलो होतो. शेजारी शेजारी आडवं पडून, दोघांच्या नाकावर तेल ठिबकत असताना बोलणं हा निराळाच प्रकार असतो. तिने मला तिच्या वडिलांबद्दल सांगितलं, पहिल्या अपघाताबद्दल सांगितलं, आणि नवऱ्याबद्दलही, जो तिला 'शर्यत किंवा मी' असं म्हणाला होता. "मग?" मी विचारलं. "मग काय, शनिवार होता," ती म्हणाली.

शिकवायला मात्र ती कडक होती.

"मातीवर डावीकडे वळायचं असेल तर चाक उजवीकडे फिरवायचं."

"उजवीकडे?"

"गाडीचं मागचं अंग सुटतं, मग तिला सावरायला उजवीकडे."

"मार्व्हा, डावीकडे वळताना उजवीकडे चाक फिरवणाऱ्या लोकांना आम्ही भरपाई देत नाही."

ती हसली. मी त्या दिवशी घरी जाताना दोनदा चुकीच्या गल्लीत शिरलो.

मग आला विमा. ट्रॅकचा नियम असा, की चालकाचा अपघाती विमा हवाच. ट्रॅकचे अधिकारी मिस्टर हॉब यांनी मला चष्म्यावरून बघत विचारलं, "तुमचा विमा एजंट कोण?"

"मी."

"मग त्यांना सांगा कागद द्यायला."

मी ऑफिसात गेलो आणि माझा अर्ज माझ्यासमोर ठेवला. पन्नाशी उलटलेला पुरुष, बैठं काम, अनुभव शून्य, गाडी आईची. असा अर्ज दुसऱ्या कुणाचा असता तर मी दोन मिनिटं विचार केला नसता. मग स्वतःचा म्हणून वेगळा न्याय कसा लावणार? आमच्या धंद्यात सचोटी हेच भांडवल. मी स्वतःला पत्र लिहिलं: 'प्रिय श्री. मॅब्री, आपला अर्ज नामंजूर करताना आम्हाला खेद होतो.' ग्राहक म्हणून मला त्या पत्राची भाषा फार कोरडी वाटली. एजंट म्हणून मी माझ्या शब्दांवर ठाम राहिलो. त्या दिवशी आमच्या दोघांत जो दुरावा आला तो अजून पुरता मिटलेला नाही.

मार्व्हाने ते पत्र वाचलं आणि गॅरेजच्या पायरीवर बसून हसून हसून डोळे पुसले. मग म्हणाली, "माझ्या टीममध्ये या. टीमचा सामूहिक विमा आहे, त्यात बसाल." टीमचा शर्ट एकच शिल्लक होता. तिच्या आधीच्या मेकॅनिकचा. खिशावर लाल दोऱ्याने 'लिरॉय' असं भरलेलं होतं.

शर्यतीच्या दिवशी सगळं फेअरओक लोटलं होतं. हौशी गटाची शर्यत एरवी लोक कांदे खायला उठतात तेव्हा असते. त्या दिवशी कांद्याची गाडी ओस पडली. "आणि सर्वांत शेवटी," भोंग्यावरून निवेदक ओरडला, "साईच्या रंगाच्या गाडीत, स्टकी टीमचा... लिरॉय!"

"एल्डन!" बर्निस प्रेक्षकांतून किंचाळली.

"लिरॉय एल्डन!" निवेदकाने दुरुस्ती केली.

हिरवा झेंडा पडला. सगळे पुढे सुटले. मी आधी आरशात बघितलं, मग सुटलो. पहिल्या वळणावर मागचं अंग खरोखरच सुटलं. सगळं आयुष्य डावीकडे सरकतंय असं वाटलं, आणि माझ्या हातांनी मला न विचारता चाक उजवीकडे फिरवलं. गाडी सावरली! मी एकटाच आत 'सावरली, सावरली' असं ओरडत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला जेवणाचीसुद्धा आठवण राहिली नव्हती.

तिसऱ्या फेरीत पुढे दोन गाड्या एकमेकींना भिडल्या आणि गोल फिरून मधोमध थांबल्या. पिवळा झेंडा लागला. पिवळा झेंडा म्हणजे हळू व्हायचं आणि रांगेत पुढे जायचं, हे मार्व्हाने मला पढवलेलं होतं. पण एका गाडीत खाटीक गस होता आणि दुसरीत शाळेचे संगीत मास्तर. दोघेही माझे पॉलिसीवाले. अपघाताच्या जागी गाडी न थांबवता पुढे जायचं? मी थांबलो.

"कुणाला लागलं का?" मी खिडकीतून विचारलं.

"यानेच धडक दिली!" मास्तर ओरडले. "लिहून घ्या, मॅब्री!"

"मी? अरे, तू आडवा आलास!" गस म्हणाला.

"एकेक जण बोला," असं म्हणत मी उतरायला निघालो. दाराची मूठ सवयीने शोधली, मिळाली नाही, म्हणून खिडकीतून निघालो, आणि कमरेशी अडकलो. अर्धा आत, अर्धा बाहेर, अख्ख्या गावासमोर. माझ्यामुळे शर्यत पुढे सुरू होईना.

"मंडळी," भोंगा म्हणाला, "लिरॉय गाडीतून निघतोय की गाडीत शिरतोय याबद्दल पंचांत मतभेद आहेत."

तेवढ्यात कुंपण ओलांडून मार्व्हा धावत आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "आत जा!" ती ओरडली. "गाडीबाहेर पडायचं नाही! काय सांगितलं होतं?"

"पण यांचे जबाब..."

तिने माझ्या हेल्मेटवर दोन्ही हात ठेवले आणि बाटलीत बूच बसवावं तसं मला आत ढकललं. मग खिडकीत वाकून, माझा पट्टा स्वतः ओढून घट्ट करत, एकदम हळू आवाजात म्हणाली, "संपवा आता ही. जमेल तुम्हाला." आणि तो पट्टा तिने पुन्हा एकदा ओढून बघितला. माझी कुणी एवढी काळजी करावी, याची मला सवय नव्हती.

शर्यत पुन्हा सुरू झाली. दोन फेऱ्यांनी आईच्या गाडीने बॉनेटखालून वाफ सोडायला सुरुवात केली. समोर पांढरा पडदा. मी डोकं खिडकीबाहेर काढलं आणि चालवत राहिलो. तोंडात माती, डोळ्यांत माती, कानात 'लिरॉय, लिरॉय' असा गजर. संपवायची म्हणजे संपवायची. समोर काहीतरी मोठं काळं दिसलं. माझ्या पुढे कुणीतरी होतं! मी दात खाल्ले, वळणावर गाडी आतून घातली आणि त्याला मागे टाकलं. सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले. टोप्या उडाल्या. असा जयजयकार मी आयुष्यात ऐकला नव्हता.

तो पाणी मारायचा टँकर होता. शर्यत केव्हाच संपली होती. शेवटचा झेंडा मला वाफेत दिसला नव्हता, आणि पुढच्या शर्यतीसाठी ते बिचारे ट्रॅक भिजवायला आले होते.

पण मी शर्यत पुरी केली होती. शेवटचा आलो, थोडी जास्तच पुरी केली, तरी मिस्टर हॉबनी स्वतः तसं सांगितलं. रॉस्कोने आणि मार्व्हाने मला खिडकीतून ओढून काढलं. मान एका बाजूला आखडली होती, हात वर उचलले जात नव्हते. मी तशाच वाकड्या मानेने तिच्याकडे बघितलं. उन्हाळाभर दाबून ठेवलेलं वाक्य बाहेर पडलं.

"झाली पुरी. मग, जेवायला कधी जायचं?"

"कुठलं जेवण?" मार्व्हा म्हणाली.

"तुमची अट होती ना. शर्यत पुरी केली की जेवण."

"माझी अट? मला तर आजवर कुणी काही विचारलेलंच नाही!"

आम्ही दोघांनी रॉस्कोकडे बघितलं. माझी मान वळत नसल्यामुळे मला त्यासाठी पूर्ण फिरावं लागलं. रॉस्को कानाची पाळी चोळत होता.

"मी आत गेलो होतो," तो म्हणाला. "अगदी विचारायलाच गेलो होतो. पण ही गाडीखाली होती. नुसते बूट दिसत होते. बुटांना काय विचारणार? तेवढ्यात ही ओरडली, 'कोण आहे तिकडे? तो पाना दे इकडे!' मी पाना दिला आणि आलो परत."

"आणि ती अट?"

"रिकाम्या हातांनी कसा येणार होतो? तू नवा शर्ट घालून उभा होतास! वाटलं, काहीतरी अशक्य सांगावं, म्हणजे तू आपोआप नाद सोडशील. दुसऱ्या दिवशी बघतो तर तू वेल्डरकडे! मग तोंड उघडायची सोयच राहिली नाही."

"तू जळत्या घरांत शिरायचास, रॉस्को!"

"ते सोपं असतं," तो पडेल आवाजात म्हणाला. "तिथे कुणाला जेवायला बोलवायचं नसतं."

मी खाली बघितलं. आईची गाडी वाफा सोडत होती. तिचं डावं अंग चेपलं होतं, रंग मातीत गेला होता. माझ्या खिशावर दुसऱ्याचं नाव होतं. गावातल्या झाडून सगळ्या लोकांनी मला टँकरशी शर्यत लावताना पाहिलं होतं. आणि जिच्यासाठी हे केलं तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "माफ करा. तुम्हाला उगाच त्रास झाला," आणि निघालो.

"थांबा," मार्व्हा म्हणाली. तिच्या आवाजात हसू नव्हतं. "म्हणजे तुम्हाला शर्यतीचं वेड नव्हतंच?"

"मला गाडी मागे घेतानासुद्धा घाम फुटतो."

"उन्हाळाभर रोज संध्याकाळी माझ्याशेजारी पडून होतात. एकदाही मान वळवून बघितलं नाहीत. सारखे आपले त्या गिअरबॉक्सकडे डोळे. मी म्हटलं, झालं, आणखी एक गाडीवेडा. मी दोनदा केस धुऊन आले होते गॅरेजात, माहितेय? गॅरेजात!"

"तुमच्याकडे बघितलं की त्याला गिअरबॉक्स म्हणतात हे आठवायचं नाही," मी म्हणालो. "म्हणून त्याच्याकडे बघत होतो."

 माझ्या हेल्मेटचा पट्टा तिने सोडवला, कारण माझे हात तिथवर पोचत नव्हते. मग म्हणाली, "मला भूक लागलीय."

हमरस्त्यावरच्या हॉटेलात आम्ही पोचलो तेव्हा सगळा ट्रॅक आमच्याआधी तिथे येऊन बसलेला होता. गस खाटीक आणि संगीत मास्तर एकाच टेबलावर वाद घालत होते. रॉस्को आणि बर्निस कोपऱ्यात बसून मेन्यूच्या आडून बघत होते. पाद्रीबुवाही होते. माझे निम्मे पॉलिसीवाले एका छताखाली, आणि मी त्यांच्यामध्ये मातीने माखलेला. मोठ्या ऐटीत मी दोघांसाठी मांसाचे जाड तुकडे मागवले. ताटं आली. मी सुरी उचलायला गेलो आणि हात टेबलाच्या वर येईना. दुसरा हात आणून बघितला. तोही येईना. मी ताटाकडे बघत, रुबाबात, जणू भूकच नाही असा बसलो.

मार्व्हाने माझ्याकडे बघितलं. माझं ताट आपल्याकडे ओढलं आणि मांसाचे बारीक तुकडे करू लागली, लहान मुलासाठी करतात तसे. हॉटेलातली कुजबुज हळूहळू थांबली. तिने एक तुकडा काट्यावर घेतला, रश्श्यात बुडवला, फुंकर घातली आणि टेबलावरून माझ्यासमोर धरला.

"एल्डन, आ कर."

अख्खं फेअरओक बघत होतं. मी आ केला.